मुलाकडची माणसं पाहायला येतात

पहिला वाद कांदेपोह्यांवरून होतो. करावेत, की नुसता चहा ठेवावा?

समजा, ठाण्यात खोपटला एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचं घर आहे. नवरा ४२ वर्षांचा, बायको ३९ची. लग्नाला अकरा वर्षं झालीत. रविवारी सोफ्याची कव्हरं धुऊन झाली, खिडकीची जाळी पुसून झाली, सासूबाईंना ‘नीट बोला हं’ म्हणून दोनदा सांगून झालं. सोमवारी अकराला दत्तक संस्थेची समाजकार्यकर्ती येणार आहे. हे कुटुंब कल्पनेतलं आहे, पण अशी भेट संस्थेतून मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक घरी होते. तिला ‘होम स्टडी’ म्हणतात. आपल्याकडच्या पाहण्याच्या कार्यक्रमासारखाच हा प्रकार असतो, फक्त पाहायला येणारी माणसं मुलाकडची असतात आणि मूल बरोबर नसतं. बरेचदा ते अजून जन्मलेलंही नसतं.

ती कपाटातली भांडी मोजत नाही. मूल का हवं, हे ती दोघांना एकत्र विचारते, मग वेगवेगळं विचारते. पगार किती, कर्ज किती, दोघं कामावर गेल्यावर मुलाजवळ कोण, आजीला हा निर्णय मनापासून पटलाय का, हेही विचारते. वंध्यत्वाच्या उपचारांत वर्षं गेली असतील, तर ते दुःख निवलंय की मुलाच्या आडून अजून धुमसतंय, याचा अंदाज घेते. तिच्या अहवालावर पुढचं सगळं ठरतं. तो तीन वर्षं चालतो.

मराठी माणसाला ‘दत्तक’ हा शब्द तसा इतिहासाच्या पुस्तकात भेटलेला असतो. झाशीच्या दामोदररावांचं दत्तकविधान इंग्रजांनी नामंजूर केलं, हे शाळेतच कळतं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४मध्ये कोल्हापूरला दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. या सगळ्यांत रिकामी गादी आधी होती, मुलगा नंतर शोधला गेला. गादी नसलेल्या घरांतही वंश आणि पिंडदान यांच्यासाठी भावाचा किंवा दिराचा मुलगा मांडीवर घेतला जाई.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांकडे क्रम उलटा होता. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी १८६३मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा त्यांनी आपला म्हणून वाढवला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगमध्ये त्याच्याच दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

आजचा कायदा या दुसऱ्या वाटेने चालतो. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. नात्यातलं मूल थेट घेणारी कुटुंबं आजही त्याचा आधार घेतात; मात्र तो हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरताच आहे. संस्थेतलं मूल बाल न्याय कायद्यानुसार दिलं जातं आणि तो सर्व धर्मीयांना खुला आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४मध्ये शबनम हाश्मी यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. देशभरची प्रक्रिया ‘कारा’ म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण पाहतं. २०१५पासून पालकांना त्याच्या पोर्टलवर स्वतःच नोंदणी करता येते.

पूर्वी ओळखीने एखाद्या संस्थेत जाऊन बाळ ‘बघून’ येणं चालत असे. आता तसं करता येत नाही. डोंबिवलीच्या ‘जननी आशिष’सारखी दत्तक संस्था रिक्षाच्या अंतरावर असली, तरी आधी रांगेत नाव लावावं लागतं. जन्माचा आणि लग्नाचा दाखला, पॅनकार्ड, उत्पन्नाचा पुरावा, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, ओळखीच्या दोघांची पत्रं अशी कागदपत्रं पोर्टलवर चढवायची असतात. जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी घेता येते, एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. पालक आणि मूल यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल, तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५च्या आत असावी लागते. खोपटच्या जोडप्याची बेरीज ८१ आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ही मर्यादा ९०, चार ते आठसाठी १०० आणि त्यापुढे ११० आहे.

मग सुरू होतं थांबणं. नातेवाईक विचारतात, ‘नंबर लागला का?’ निरोगी तान्ह्या बाळासाठी साधारण साडेतीन वर्षं लागतात. देशात तीस हजारांहून अधिक पालक रांगेत आहेत. २०२४-२५मध्ये ४,५१५ मुलं दत्तक गेली, तो कित्येक वर्षांतला उच्चांक होता.

अनाथाश्रमांत एवढी मुलं असताना ही रांग का, असा प्रश्न पडतो. तिथल्या बऱ्याच मुलांचे आई-वडील किंवा नातलग हयात असतात. ती मुलं दत्तक देता येत नाहीत. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कधी कधी एक चौकट दिसते. तान्ह्या बाळाचा फोटो, ते कुठे आणि कधी सापडलं ते, आणि पालकांनी संपर्क साधावा असं आवाहन. दोन वर्षांखालचं बाळ सापडलं, तर पालकांचा शोध घेऊन साधारण दोन महिन्यांत आणि मोठं असेल तर चार महिन्यांत बालकल्याण समिती ते दत्तक देण्यास मुक्त ठरवते. आईने स्वतः बाळ सोपवलं असेल, तर विचार बदलायला तिला ६० दिवस मिळतात. खोपटच्या घरातली घाई त्या आईला लागू होत नाही.

तान्ह्याचा हट्ट सोडणाऱ्यांना इतकं थांबावं लागत नाही. पाच-सात वर्षांची मुलं, एकत्रच राहू पाहणारी भावंडं, आजार किंवा अपंगत्व असलेली मुलं पालकांची वाट पाहत असतात.

एका दुपारी फोनवर संदेश येतो. पोर्टल उघडलं की एक फोटो, बाळाची माहिती आणि वैद्यकीय अहवाल दिसतो. ४८ तासांत ‘आमच्यासाठी राखून ठेवा’ असं कळवायचं असतं. आपल्या डॉक्टरांना अहवाल दाखवता येतो, संस्थेत जाऊन बाळाला भेटता येतं. होकारानंतर बाळ आधी पालनपोषणासाठी घरी येतं, आदेश नंतर होतो. हे आदेश पूर्वी न्यायालयं देत. २०२१च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दादही मागितली गेली. आदेशानंतरच्या जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून या दोघांची नावं येतात.

थांबून थकलेल्या जोडप्यांना रांगेत असतानाच कुणीतरी ‘हॉस्पिटलमधून परस्पर’ बाळ मिळवून द्यायचं सांगतं. कोविडच्या २०२१च्या लाटेत तर व्हॉट्सअॅपवर अनाथ बाळांचे निरोप फिरत होते. मूल विकणं-घेणं हा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो, रुग्णालयातला माणूस त्यात असेल तर सात वर्षांपर्यंत. असं घेतलेलं मूल कागदावर कधीच आपलं होत नाही. अधिकृत प्रक्रियेतलं शुल्क ठरलेलं असतं आणि त्याची पावती मिळते.

मुलाला कधी सांगायचं, हा प्रश्न समाजकार्यकर्ती पहिल्याच भेटीत काढते. तिचं म्हणणं असतं, कळत्या वयाची वाट पाहू नका. झोपताना चिऊ-काऊच्या गोष्टीसारखं सांगत राहा, म्हणजे बारशाच्या फोटोकडे बोट दाखवून शेजारणीने काही बोललं, तरी मुलाला त्यात नवं काही नसेल.

बाळ आल्यानंतर दोन वर्षं ती दर सहा महिन्यांनी येते. वजन, उंची, लसीकरणाचं कार्ड, झोप, खाणं सगळं लिहून घेते. चौथ्या भेटीला खोपटच्या घराचं दार किलकिलं होतं आणि खालून कुणीतरी विचारतं, ‘कोण पाहिजे?’ आतून आजी ओरडते, येऊ दे तिला. सोफ्याच्या कव्हरवर स्केचपेनचे पट्टे आहेत. ते धुवायला रविवारी कुणालाच वेळ झालेला नाही.