गाण्याला चित्र कशासाठी?

गाणे कानाने ऐकायचे असते. मग त्याला चित्र कशासाठी लागते? म्युझिक व्हिडिओ चांगला आहे की नाही हे ठरवताना हाच प्रश्न आधी विचारावा. कानाला जे मिळत नाही ते डोळ्यांना मिळाले, तर व्हिडिओ चांगला. नाहीतर डोळे मिटून नुसते गाणे ऐकलेले बरे.

याचे उत्तम उदाहरण आपल्या जबलपूरजवळच आहे. ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०) या चित्रपटातले लता मंगेशकरांचे ‘ओ बसंती पवन पागल’ हे गाणे भेडाघाटच्या संगमरवरी खडकांत चित्रित झाले. राज कपूर निघून चालला आहे आणि पद्मिनी त्याला थांबवू पाहते आहे. तिची व्याकुळता सुरांतून कळते, पण दोघांमधले अंतर कॅमेराच दाखवू शकतो. चित्रपट कृष्णधवल आहे, त्यामुळे खडकांचा पांढरेपणा अधिकच उठून दिसतो. सहलीला गेल्यावर आपण या खडकांसमोर उभे राहून फोटो काढतो. गाण्यात मात्र ते खडक नुसती शोभा नाहीत, त्यांना काम आहे.

असे गाणे आधीच स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले असते. चित्रीकरणाच्या जागी ते स्पीकरवर वाजवतात आणि कलाकार त्याबरोबर ओठ हलवतात. संथ हालचाल हवी असेल तर एक युक्ती करतात. चित्रपटाचा कॅमेरा एरवी सेकंदाला २४ चित्रे घेतो. तो ४८ वर ठेवतात आणि गाणेही दुप्पट वेगाने वाजवतात. नंतर पडद्यावर २४ च्या वेगाने दाखवले की हालचाल संथ दिसते, पण ओठ मूळ गाण्याशी बरोबर जुळतात.

दुसरी गोष्ट म्हणजे चित्र कधी बदलायचे. ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ दूरदर्शनवर पहिल्यांदा १५ ऑगस्ट १९८८ रोजी दाखवले गेले. त्याची चाल अशोक पत्की यांची. सुरुवातीला धबधब्याजवळ पंडित भीमसेन जोशी दिसतात. पुढे भाषा बदलते तशी माणसे बदलतात, प्रदेश बदलतो. प्रत्येक बदलाला कारण आहे, म्हणून एवढे चेहरे येऊनही गोंधळ होत नाही.

उलट, ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला चित्र बदलले तर काय होईल? ‘तेज चल’मध्ये आपण मिनिटाला १२० पावले टाकतो. त्याच लयीचे तीन मिनिटांचे गाणे घेतले तर ३६० चित्रे होतील आणि प्रत्येक चित्र फक्त अर्धा सेकंद टिकेल. तेवढ्या वेळात चेहरा नीट पाहूनही होत नाही. दर चौथ्या ठोक्याला बदलले तर ९० चित्रे होतात आणि प्रत्येकाला दोन सेकंद मिळतात.

हा हिशेब आपल्या उपयोगाचा आहे. बारावीच्या दादांच्या निरोपासाठी व्हिडिओ करायचा म्हटले की पहिली मागणी ड्रोनची होते. वरून घेतलेली परेड सुंदर दिसते, रांगा सरळ आहेत हेही कळते. पण त्यात प्रत्येक जण एक ठिपका असतो. घरी आई मोबाइलवर व्हिडिओ थांबवून थांबवून त्या ठिपक्यांत आपला मुलगा शोधते. भेडाघाटला माणूस लहान दाखवण्याला कारण होते, कारण तिथे कोणीतरी दूर जात होते. आपल्याला तर सहा-सात वर्षे घरापासून दूर राहिलेला मुलगा जवळून दाखवायचा आहे.

म्हणून ड्रोनचे चित्र एकदाच, सुरुवातीला घ्यावे. नंतर कॅमेरा खाली आणावा आणि प्रत्येक दादाला निदान दोन सेकंद द्यावेत. गाणे कोणतेही निवडा, ते घरच्यांनी आधी ऐकलेले असेल. चेहरा मात्र त्यांना आपणच दाखवू शकतो.