गुत्त्याच्या दारावरची फुलं

‘प्रेरणा आली की काम सुरू करू’ असं आपण म्हणतो. हैतीचा चित्रकार एक्तोर इपोलीत (१८९४–१९४८) याच्या आयुष्यात हा क्रम उलटा दिसतो. त्याने चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. तो जोडे शिवायचा, घरं रंगवायचा आणि व्होडू धर्माचा पुजारी होता. मोंरुई गावातल्या एका गुत्त्याच्या दारावर त्याने फुलं आणि पक्षी काढले होते. ब्रशाबरोबर कोंबडीची पिसंही तो वापरी.

हे दार अमेरिकन चित्रकार डेविट पीटर्स याच्या नजरेस पडलं. पीटर्सने १९४४ मध्ये पोर्तोप्रँस या राजधानीत ‘सांत्र दार’ हे कलाकेंद्र काढलं. तिथे इपोलीतला रंग मिळाले, भिंत मिळाली, गिऱ्हाईक मिळालं. पन्नाशी गाठलेल्या या माणसाने उरलेल्या दोन-तीन वर्षांत शेकडो चित्रं काढली. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँनेही त्यातली काही विकत घेतली.

आता नीट पाहा. कलाकेंद्राने त्याला प्रेरणा दिली का? नाही, संधी दिली. आपण या दोन गोष्टींची गल्लत करतो. देवता आपल्याकडून चित्र काढून घेतात, अशी त्याची श्रद्धा होती. ती खरी की खोटी, हा वाद बाजूला ठेवू. पण त्या देवतांची सेवा त्याचं नित्यकर्म होतं, आणि त्याची चित्रं त्यातूनच आली. प्रेरणा अशी रोजच्या कामात मुरलेली असते. संधी मात्र दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागते. म्हणून स्वतःचं दार रंगवत राहावं, आणि दुसऱ्याच्या दारापाशी क्षणभर थांबावंही.