दिवसाचे बावीस तास

भुसार मालाच्या एका व्यापाऱ्याने आपल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या दातांना तारा बसवून घेतल्या, त्याला दीड वर्ष होत आले होते. वरचे पुढचे दात ओठांबाहेर डोकावत आणि खालचा जबडा किंचित मागे राही, म्हणून हा उपचार. डॉक्टरांचा प्रत्येक हप्ता ठरल्या तारखेस पोहोचत होता. महिन्याकाठी जिल्ह्याच्या गावी जाणेही कधी चुकले नव्हते. तरी सहा महिन्यांपासून प्रगती थांबल्यासारखी झाली होती. एका भेटीत डॉक्टरांनी काहीएक न विचारता मुलीच्या हातावर रबराची दोन लहान कडी ठेवली आणि आरशाशिवाय लावून दाखविण्यास सांगितले. जी मुले ती रोज लावतात, त्यांची बोटे न पाहताही हूक शोधतात. हिची बोटे गालात चाचपडत राहिली. वडिलांना काय ते उमगले. बाहेर आल्यावर ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि मुलीला तेच अधिक लागले.

दातांच्या तारांविषयी घरोघरी एक समज असतो : तार डॉक्टर बसवितात, पैसे आपण देतो, बाकीचे काम तार आपोआप करते. निम्मा उपचार खरोखरच तसा चालतो. तार वाकडे दात आपापल्या ओळीत आणते. परंतु वरची ओळ आणि खालची ओळ यांचा परस्परांशी मेळ बसविणे बहुधा एकट्या तारेच्या आवाक्यात नसते. ते काम या रबरबँडकडे येते. वरचे दात पुढे असतील तर बँड वरच्या सुळ्याजवळच्या हुकापासून मागे खालच्या दाढेपर्यंत ताणून लावतात. खालचे दात पुढे असतील तर उलट, वरच्या दाढेपासून खालच्या सुळ्यापर्यंत. समोरचे दात मिटूनही फट राहत असेल तर उभा बँड लावतात. म्हणून मैत्रिणीचा बँड कसा आहे हे पाहून आपला लावणे व्यर्थच, कदाचित अपायकारकही.

या बँडचा जोर किती असतो, हे तराजू वापरणाऱ्या घरांना लगेच समजेल. नेहमीच्या वापरातील एक बँड पाव इंच, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिमीटर, व्यासाचा आणि साडेतीन औंस ताकदीचा असतो. व्यासाच्या तिप्पट ताणला की तो सुमारे शंभर ग्रॅमचा ओढा देतो. दुकानातील शंभर ग्रॅमचे माप, बस्स एवढेच. याहून जड, साडेचार वा सहा औंसांचे बँडही असतात. काही कंपन्या आकार ओळखू यावा म्हणून पाकिटावर सशाचे, कोल्ह्याचे चित्र छापतात. मुले आकडा विसरतात, प्राणी विसरत नाहीत.

एवढ्याशा ओढ्याने हाडात रुतलेला दात सरकतो कसा? दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. दोहोंच्या मध्ये मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतका बारीक तंतूंचा थर असतो. ओढा सलग काही तास टिकला म्हणजे ज्या बाजूला दाब येतो तेथील हाड शरीरातील पेशी हळूहळू विरघळवितात आणि ज्या बाजूला ताण येतो तेथे नवे हाड भरतात. दात महिन्याकाठी साधारण एक मिलिमीटर पुढे जातो. ओढा मध्येच सुटला की ही क्रिया मंदावते आणि दात मागे वळू पाहतो. म्हणूनच बहुतेक डॉक्टर जेवण व दात घासणे वगळता दिवसाचे बावीस तास बँड लावण्यास सांगतात. बारा तास लावले तर निम्म्याहून थोडे अधिक काम होईल, हा हिशेब येथे लागू पडत नाही. दिवसा मिळविलेले रात्री परत जाते. शिवाय तीन-चार दिवसांच्या खंडानंतर बँड पुन्हा लावला की पहिल्या आठवड्यातील दुखणे पुन्हा नव्याने सोसावे लागते. त्या दुखण्याच्या भीतीने मूल आणखी टाळाटाळ करते आणि गाडी तेथेच अडते.

रबराचीही एक मर्यादा आहे. हे बँड बहुधा रबराच्या झाडाच्या चिकापासून बनतात आणि तोंडातील ओलाव्यात ताणून राहिल्याने पहिल्या काही तासांतच त्यांचा जोर उतरू लागतो. तुटलेला नसला तरी कालचा बँड आज थकलेला असतो. काटकसरीची सवय असलेल्या घरांत तोच बँड दोन-तीन दिवस चालविला जातो. ही बचत महागात पडते. ज्यांना रबराची ॲलर्जी असते त्यांच्यासाठी वेगळ्या पदार्थाचे बँड मिळतात. ओठ वा हिरड्या खाजू लागल्यास डॉक्टरांना तत्काळ सांगावे.

बॅंडची कल्पना जुनी आहे. १८४४ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना अमेरिकेत टिकाऊ रबराचे पेटंट मिळाले, पुढच्याच वर्षी लंडनच्या स्टीफन पेरी यांनी रबरबँडचे पेटंट घेतले, आणि १८९३ मध्ये हेन्री बेकर यांनी वरच्या व खालच्या दातांमध्ये बँड ताणण्याची पद्धत मांडली. यंत्रे बदलली, तारांचे धातू बदलले; मुलाने स्वतःच्या बोटांनी बँड लावायचा, हे मात्र तसेच राहिले.

तास गळतात कोठे, हे पाहिले तर कारणे क्षुल्लक वाटतात. शाळेत डबा खाल्ल्यावर बँड खिशातच राहतो. लग्नसमारंभात फोटोसाठी काढलेला घरी येईपर्यंत लागत नाही. बोलताना जीभ अडखळते म्हणून शिकवणीत काढला जातो. उपाय तितकाच साधा : पाकीट एका जागी न ठेवता दप्तरात, स्वयंपाकघरात आणि दुकानातही ठेवावे.

चौविहार पाळणाऱ्या घरांना तर येथे आपोआप सोय मिळते. सूर्यास्तापूर्वी जेवण झाले, लगेच दात घासून तोंड स्वच्छ केले आणि नवा बँड लावला, की दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीपर्यंत तो काढण्याचे कारणच उरत नाही. उन्हाळ्यात हे जवळजवळ बारा तास होतात, हिवाळ्यात तेराहून अधिक. मात्र दात घासण्यास दहा मिनिटे राखून जेवण उरकायला हवे. घाईत घास तसाच तारांत अडकून रात्र काढली तर दातांवर पांढरे डाग पडतात आणि ते तारा काढल्यावरच दिसतात. एकासणे करणाऱ्याला बँड दिवसातून एकदाच काढावा लागतो. उपवासात उकळलेले पाणी पिण्यासाठी तो काढण्याची गरज नसते. तरीही पर्युषणात अनेक मुले तपासोबत बँडलाही सुट्टी देतात. पूर्ण उपवासात नवा बँड तोंडात घालावा की नाही, अशी शंका असल्यास ती पर्वाआधीच महाराजसाहेबांना आणि डॉक्टरांना विचारून घ्यावी.

खाकऱ्याचीही गोष्ट सांगायला हवी. कडक खाकरा, चिक्की, ऊस यांनी दातावरचा ब्रॅकेट निघतो, त्याबरोबर हूक जातो आणि बँड लावायला जागाच राहत नाही. खाकरा चुरून दह्यात भिजवून खावा. हूक निघाल्यास स्वतःच्या बुद्धीने एकाच बाजूला बँड लावून ठेवू नये, दातांची मध्यरेषा सरकते; डॉक्टरांना दूरध्वनी करावा. लवकर व्हावे म्हणून दोन-दोन बँड लावणेही तितकेच चुकीचे, कारण त्याने दात नुसता कलतो व मुळांना इजा होऊ शकते. बँड चुकून गिळला गेला तर बहुधा काही होत नाही, पण त्यानंतर खोकला वा श्वासाचा त्रास झाल्यास क्षणाचाही विलंब करू नये.

एक धोका मात्र दुकानदारांच्या घरांनी विशेष लक्षात ठेवावा. नोटांच्या गड्ड्यांना लावायचे रबरबँड गल्ल्यात पडलेले असतात. पुढच्या दोन दातांतील फट मिटविण्यासाठी मुले मोबाइलवरील चित्रफीत पाहून असा बँड त्या दोन दातांभोवती गुंडाळतात. फट खरोखर कमी होते, म्हणून आनंदही होतो. परंतु दात मुळाकडे निमुळता असतो. बँड वर सरकत हिरडीत शिरतो, दिसेनासा होतो आणि मुळाभोवतीचे हाड पोखरतो. असे निरोगी दात हलू लागून गमवावे लागल्याच्या नोंदी आहेत. उपचाराचा बँड हुकाला अडकतो, दाताला वेढत नाही. हा भेद मुलांना एकदा नीट दाखवून द्यावा.

त्या मुलीच्या घरी रागावणे झालेच नाही. दोन दिवसांनी तिनेच आईला सांगितले, की वर्गात मुली हसत, म्हणून ती शाळेच्या फाटकाशीच बँड काढी आणि संध्याकाळी लावायचे राहून जाई. खोटे बोलण्याचे ओझे तिला दुखण्याहून जड झाले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की वाढीची वर्षे निघून गेली तर पुढे दात काढण्याचा किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल. वडिलांनी वहीची दोन पाने आखून दिली, तिने तास स्वतः लिहायचे, कोणी तपासायचे नाही. दादीने एवढेच केले, की सूर्यास्ताचे पचक्खाण घेण्यापूर्वी नातीला हाक मारायची : “बेटा, आपले दोघींचे झाले का?”

पहिले चार दिवस दाढा ठणकल्या, खिचडी आणि दूधभातावर निभावले. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी पुन्हा दोन कडी हातावर ठेवली. तिने खिडकीबाहेर पाहत पाहत ती लावली. पट्टीने मोजले तेव्हा वरच्या-खालच्या दातांतील अंतर दीड मिलिमीटरने कमी भरले, आणि डॉक्टरांनी सशाऐवजी कोल्ह्याचे पाकीट देऊन पुढची तारीख लिहिली.