साहेब बदलले, पण फोन जुन्याच साहेबांना

आमच्या भातसानगर-शहापूरकडच्या बचत गटात अध्यक्षा बदलली की निदान दोन मीटिंगा तरी धुसफूस चालते. जुनीची माणसं वेगळी, नवीची वेगळी. मग जिथे जिवाशीच गाठ असते, तिथे काय होत असेल?

१९७१च्या युद्धात फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर २६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून सुखोई-७ उडवत होते. १० डिसेंबरला विमान पडलं आणि ते पाकिस्तानच्या हाती लागले. रावळपिंडीच्या छावणीत वेगवेगळ्या स्क्वाड्रनचे आपले वैमानिक एकत्र आले. छावणीप्रमुख होते स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद. शत्रूचा अधिकारी, पण माणूस भला! नाताळला त्यांनी कैद्यांसाठी चक्क केक आणला.

परुळकरांच्या डोक्यात मात्र एकच, इथून पळायचं. सगळ्यांना काही हा बेत पटला नव्हता. युद्ध संपलंय, आज ना उद्या सोडतीलच, मग जीव कशाला धोक्यात घालायचा? शिवाय तिघं पळाले तर मागे राहिलेल्यांचं काय? मला विचाराल तर हा प्रश्न पळण्याइतकाच मोठा होता. घरातली एक सून वेगळी निघाली की बोलणी मागे राहणारीलाच बसतात ना!

दरम्यान उस्मान यांची बदली झाली, ते पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी झाले आणि छावणीत नवे साहेब आले. इकडे भिंत पोखरणं चालूच होतं. १२ ऑगस्ट १९७२च्या रात्री वादळी पावसात परुळकर, मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी त्या भगदाडातून बाहेर पडले. बसने पेशावर, पुढे लंडी कोतल. अफगाण सरहद्द अगदी हाकेच्या अंतरावर!

तिथे त्यांनी लंडी खाना स्टेशनचा रस्ता विचारला आणि घात झाला. नकाशात असलेलं ते स्टेशन १९३२ सालीच बंद पडलं होतं. लोकांना वाटलं, हे पळून चाललेले बंगाली असावेत. त्या मुलखात अशा संशयिताचा जीव जायला वेळ लागत नसे. तेव्हा परुळकरांनी सांगितलं, हवाई दलप्रमुखांच्या एडीसींना फोन लावा. नाव दिलं उस्मान यांचं. नव्या साहेबांची आठवण कोणाला झाली नाही हो! आणि उस्मान यांनीही, माणसं आमचीच आहेत, त्यांना हात लावू नका, अशा अर्थाचा निरोप दिला. तिघांचे जीव वाचले. कैद मात्र चुकली नाही.

पुढे सगळ्यांना लायलपूरच्या तुरुंगात ठेवलं. १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सरहद्दीवरून पळालेले आणि मागे राहिलेले सगळे बरोबरच भारतात परतले. परुळकर ग्रुप कॅप्टन होऊन निवृत्त झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात वारले.