विमानातली सीट, दुखरा गुडघा आणि शेजारधर्म

भोपाळहून मुंबईला विमानानं जेमतेम दीड तास लागतो. गंमत त्याआधीच्या दहा मिनिटांत असते. राजा भोज विमानतळावर विमानाचं दार लागायच्या बेतात असतं आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एखाद्या काकूंचा मुलगा वाटेत उभा राहून कडेच्या सीटवरच्या गृहस्थांना म्हणतो, "भाईसाब, ज़रा सीट बदल लेंगे? हमारी आई को तकलीफ़ है." गृहस्थ हो म्हणाले तर मधल्या सीटवर अंग चोरून बसणार. नाही म्हणाले, तर मागच्या चार रांगा त्यांच्या संस्कारांवर कुजबुजणार.

आजारी माणसासाठी सीट सोडावीच लागते, ही समजूत इथूनच पसरते. सहप्रवाशावर असं बंधन घालणारा नियम आपल्याकडे नाही. केबिन क्रूनं सुरक्षेसाठी उठायला सांगितलं तर उठावं लागतं, एवढंच. सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीची आहे. दिव्यांग आणि चालण्याफिरण्यात अडचण असलेल्या प्रवाशांसाठी डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, वेगळी नियमावली आहे. मदत हवी असेल तर बुकिंग करतानाच, निदान 48 तास आधी, कंपनीला कळवायचं असतं. काकूंच्या मुलानं हा एक फोन केला असता, तर भाईसाबांची गरज पडली नसती.

कंपन्यांनाही हे सहज उमगलेलं नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष 2012 च्या फेब्रुवारीत एका परिषदेसाठी कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या. विमानात बसलेल्या असताना त्यांना खाली उतरवलं गेलं. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पाइसजेटला त्यांना 10 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. दिव्यांग आहे म्हणून प्रवास नाकारता येणार नाही, आणि विमानात तब्येत बिघडेल अशी शंका आली तर आधी विमानतळावरच्या डॉक्टरनं प्रत्यक्ष तपासलं पाहिजे, हे डीजीसीएच्या नियमावलीतल्या 2022 च्या दुरुस्तीनं स्पष्ट झालं.

आता भल्या माणसांची नेहमीची चूक. "काकूंना इमर्जन्सी दरवाजापाशी बसवा, पाय पसरायला ऐसपैस जागा आहे." जागा आहे, पण ती वेळप्रसंगी बाहेर पडता यावं म्हणून. तिथं धडधाकट आणि मदत करू शकणारा प्रवासीच बसू शकतो, काकूंना क्रू उठवणारच. अगदी पहिली रांगही वाटते तितकी सोयीची नसते. तिथले खाण्याचे ट्रे हाताच्या दांड्यात असतात, त्यामुळे तो दांडा सहसा वर होत नाही आणि खुर्चीत सरकून बसणं अवघड जातं. उलट साध्या रांगेतल्या कडेच्या सीटचा दांडा बऱ्याच विमानांत खालची छोटी खिट्टी दाबली की वर जातो. ही खिट्टी कुणी आपणहून दाखवत नाही, विचारावी लागते. आणि 'कडेची सीट' एवढंच म्हणून भागत नाही. तीन-तीन सीटांच्या विमानात उजवा गुडघा दुखत असेल तर 'सी' घ्यावी, डावा असेल तर 'डी'. दुखरा पाय वाटेच्या बाजूला येतो आणि ट्रॉली नसेल तेव्हा थोडा लांबवता येतो.

"दम लागतो, खिडकीपाशी बरं वाटेल" हेही ऐकू येतं. एसटीत ठीक. विमानाची खिडकी उघडत नाही आणि आतला हवेचा दाब सगळ्या सीटांवर सारखाच असतो, साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका, म्हणजे भोपाळची फुप्फुसं बसल्या जागी सिमल्याला पोचतात. डिसेंबर 1984 च्या वायुगळतीनंतर श्वासाचे विकार घेऊन जगणारी माणसं या शहरात आहेत, म्हणून हा मुद्दा इथं हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अशा प्रवाशानं सीटपेक्षा डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि ऑक्सिजनची सोय आधी पाहावी. घरचा सिलिंडर विमानात नेऊ देत नाहीत. मान्यताप्राप्त प्रकारचा छोटा कॉन्सन्ट्रेटर आधी परवानगी घेऊन नेता येतो.

रिकामी सीट दिसली की जाऊन बसणं हाही आपला लाडका हक्क. पण विमानाच्या वजनाचा तोल कोण कुठं बसलंय यावरही ठरतो, आणि एटीआरसारख्या लहान विमानात ते जास्तच जाणवतं. उठण्याआधी क्रूला विचारावं.

आणि "दिसायला तर ठणठणीत आहेत"? हृदयाचा, आतड्याचा, मूत्राशयाचा विकार बाहेरून दिसत नाही. नुकतीच केमोथेरपी झालेला तरुण व्हीलचेअरवर नसतो. आजार कोणता हे विचारण्याचा अधिकार फार तर कंपनीला आहे, शेजाऱ्याला नाही. द्यायची असेल तर सीट चौकशीविना द्यावी, नसेल तर "माफ करा, मलाही अडचण आहे" एवढं पुरे. ती अडचण कोणती, हेही कुणी विचारू नये.

मागणाऱ्यानं मात्र कडेची घेऊन मधली देऊ नये. ती अदलाबदल नव्हे, वसुली झाली. तोडीची सीट नसेल तर तसं आधीच सांगावं आणि समोरच्यानं जादा पैसे भरून ती सीट घेतली असेल तर तेवढे देऊ करावेत. राहिली त्याची बॅग. ती जुन्या सीटच्या वरच्या कप्प्यातच राहते, आणि मुंबईला उतरताना ती त्याच्या हातात नेऊन देणं हे काकूंच्या मुलाचं काम.