भंडाऱ्यातील वंशावळ आणि कोतवाल बुक

कोकणातून देशावर पसरलेल्या अनेक चित्पावन घराण्यांनी कुलमंडळे स्थापून आपापले कुलवृत्तांत छापून घेतले. वैनगंगेच्या खोऱ्यातील कोहळी, ढिवर, कोष्टी वा तेली कुटुंबांना असे छापील ग्रंथ क्वचितच लाभले असल्याने, भंडारा जिल्ह्यात पूर्वजांचा माग काढणाऱ्याला ग्रंथालयापेक्षा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातच अधिक काळ बसावे लागते. पोवार समाजाची गोष्ट थोडी वेगळी आहे. माळव्यातून आल्याची परंपरा सांगणाऱ्या या समाजाच्या वंशावळी भाटांच्या पोथ्यांत नोंदल्या जात. मात्र यजमानाचा गौरव हे भाटाचे कामच असल्याने, त्या पोथीतील जुन्या पिढ्या अन्य पुराव्याशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारणे धोक्याचे ठरते.

तिसरे रघूजी भोसले 1853 साली निधन पावल्यावर भंडाऱ्यासह नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. पुढे झालेल्या बंदोबस्तात, म्हणजे जमिनीची मोजणी करून सारा ठरविण्याच्या कामात, गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजाराला मालकी हक्क मिळाला, आणि मालगुजार व कुळे यांची नावे बंदोबस्ताच्या कागदांत आली. मालगुजारी 1951 मध्ये संपुष्टात आली. वारसांच्या फेरफार नोंदींवरून दोन-तीन पिढ्या सहज जुळतात, पण त्या जमीन असलेल्यांच्याच.

भूमिहीनांसाठी खरा आधार आहे तो कोतवाल बुकाचा. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर पोलीस ठाण्यात पोहोचवी आणि तिची नोंद या वहीत होई, त्यामुळे मालगुजार आणि मजूर एकाच वहीत सापडतात. हे काम बहुधा ज्यांना गावाने शिवेबाहेर ठेवले त्याच जातींकडे होते, हे विसरता येत नाही. या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते, बापाचे नाव आणि मुलगा की मुलगी एवढेच असते. म्हणून ती शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरशी, म्हणजे प्रवेश व शाळा सोडल्याच्या नोंदवहीशी, जुळवावी लागते. काही जुने कागद मोडी लिपीत असल्याने ती वाचणाऱ्याची मदतही घ्यावी लागते.

आज ही धडपड बहुतेकदा हौसेने नव्हे, तर जात पडताळणीसाठी होते. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा लागतो आणि सोबत वंशावळीचे शपथपत्र द्यावे लागते. ती वंशावळ बापाकडूनच चढत जाते. आजीचे माहेर शोधायचे तर तिच्या गावचे कोतवाल बुक पाहावे लागते, आणि 1867 मध्ये बालाघाट व 1999 मध्ये गोंदिया हे जिल्हे वेगळे झाल्याने ते गाव कोणत्या काळी कोणत्या जिल्ह्यात होते, हे आधी ठरवावे लागते.