आधी किल्ली, मग कुलूप : वृद्धी-संप्रेरक स्रवविणाऱ्या कृत्रिम पेप्टाइडांची कथा

मुलाची उंची हा प्रत्येक घरात जिव्हाळ्याचा व पुष्कळदा चिंतेचा विषय असतो. भिंतीवर पेन्सिलीने खुणा करून ती मोजण्याची रीत जुनीच आहे. परंतु ती उंची शरीराच्या कोणत्या आज्ञेने वाढते, हे समजण्यास विसावे शतक उजाडावे लागले. ही आज्ञा देणाऱ्या रसायनाला शरीरातून बाहेर पडण्यास प्रवृत्त करणारी काही लहान पेप्टाइडे प्रयोगशाळेत तयार झाली आणि त्यांतून जीवरसायनशास्त्रातील एक मोठी मनोरम शोधकथा घडली. आज हीच पेप्टाइडे 'केवळ संशोधनासाठी' अशी चिठ्ठी लावलेल्या लहान कुप्यांतून विकली जातात आणि व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांच्या हातीही पडतात. म्हणून हा विषय केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. शाळेची पुस्तिका विद्यार्थी आणि पालक या दोघांच्याही हाती जाते. तेव्हा तो त्यांच्यापुढे थोड्या विस्ताराने मांडणे उचित ठरेल.

आज्ञा देणारी ग्रंथी

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. तिच्यातून स्रवणारे वृद्धी-संप्रेरक हे १९१ ॲमिनो अम्लांची साखळी असलेले प्रथिन होय. ते रक्तावाटे यकृतात पोहोचले की यकृत इन्शुलिनसदृश वृद्धिघटक नावाचे दुसरे प्रथिन तयार करते. या दोहोंच्या प्रभावाने लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्यांत नव्या पेशी निर्माण होतात आणि हाड लांबत जाते. वयात आल्यानंतर या पट्ट्यांचे हाडात रूपांतर होते. एकदा त्या मिटल्या की कितीही संप्रेरक दिले तरी उंची वाढत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

हे संप्रेरक दिवसभर संथपणे झिरपत नाही. ते लाटालाटांनी बाहेर पडते. त्यातली मोठी लाट बहुधा रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत येते. त्यामुळे एखाद्या क्षणी रक्त तपासून ते कमी आढळले, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

गाईचे वृद्धी-संप्रेरक माणसावर परिणाम करीत नाही. म्हणून १९५८ साली अमेरिकेत मॉरिस रॅबेन यांनी मानवी संप्रेरकाच्या उपचाराचा पहिला यशस्वी वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे औषध मृत व्यक्तींच्या पियुषिका ग्रंथींतूनच काढावे लागे. एका बालकाच्या उपचारासाठी अनेक ग्रंथी लागत. या मार्गाचा शेवट मात्र दुःखद झाला. असे संप्रेरक घेतलेल्या काही तरुणांचा क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या असाध्य रोगाने मृत्यू झाल्याचे १९८५ साली उघडकीस आले आणि अमेरिकेत त्याचे वाटप तत्काळ थांबविण्यात आले. दूषित ग्रंथींतून हा रोग पसरला होता. एकट्या फ्रान्समध्ये पुढे शंभराहून अधिक रुग्ण दगावले. त्याच वर्षी जनुक-अभियांत्रिकीने जिवाणूंकडून तयार करवून घेतलेले संप्रेरक उपलब्ध झाले आणि उपचार सुरक्षित झाले. चांगल्या हेतूने टोचलेल्या औषधाची शुद्धता अपुरी असेल तर काय घडते, याचा हा धडा आहे.

ग्रंथीची मालकीण

पियुषिका ग्रंथीला फार काळ शरीराची स्वामिनी मानले जाई. परंतु तीही दुसऱ्याच्या आज्ञेत असते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस यांनी दाखवून दिले. तिच्या वर मेंदूचा हायपोथॅलॅमस हा भाग आहे. त्यातून सूक्ष्म रक्तवाहिन्यांवाटे रासायनिक निरोप खाली उतरतात. हे निरोप कोणते, हे शोधण्यासाठी रॉजर गिलमँ यांनी मेंढ्यांच्या आणि अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या लाखो हायपोथॅलॅमसांवर वर्षानुवर्षे काम केले. दोघांनाही १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातील अत्यल्प संप्रेरक मोजण्याची किरणोत्सारी पद्धत विकसित करणाऱ्या रोझलिन यालो या त्या वर्षीच्या तिसऱ्या मानकरी होत. त्यांच्या पद्धतीवाचून पुढे सांगितलेले कोणतेही प्रयोग शक्य झाले नसते.

वृद्धी-संप्रेरकाला बाहेर काढणारा निरोप शोधताना मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. १९७३ साली गिलमँ यांच्या प्रयोगशाळेत जो पदार्थ सापडला तो हे संप्रेरक थोपविणारा निघाला! चौदा ॲमिनो अम्लांच्या या पेप्टाइडास सोमॅटोस्टॅटिन म्हणतात. स्राव वाढविणारा नैसर्गिक निरोप हाती येण्यास १९८२ साल उजाडले, आणि तोही मेंदूत न सापडता स्वादुपिंडाच्या अर्बुदात सापडला. काही रुग्णांत असे अर्बुद हा निरोप बेसुमार तयार करीत होते, त्यामुळे त्यांचे हातपाय व चेहरा अवाजवी वाढले होते. चाळीस व चव्वेचाळीस ॲमिनो अम्लांचे हे पेप्टाइड म्हणजेच वृद्धी-संप्रेरक-मोचक संप्रेरक.

अफूच्या वाटेने आलेली किल्ली

येथपर्यंतची कथा सरळ आहे. परंतु हा नैसर्गिक निरोप सापडण्यापूर्वीच अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील टुलेन विद्यापीठात सिरिल बाउवर्स यांच्या हाती काही वेगळेच लागले होते. १९७५ साली मेंदूत एन्केफॅलिन नावाची अफूसदृश पेप्टाइडे सापडली होती; ती अवघ्या पाच ॲमिनो अम्लांची असतात. बाउवर्स व त्यांचे सहकारी त्यांच्या रचनेत फेरफार करून पाहत होते. मेट-एन्केफॅलिनच्या दुसऱ्या स्थानावरील ग्लायसीन काढून तेथे डी-ट्रिप्टोफॅन बसविले आणि शेपटाशी अमाइड जोडले, तेव्हा त्या पेप्टाइडाचा अफूसदृश गुण नाहीसा झाला. परंतु पियुषिकेच्या पेशींतून वृद्धी-संप्रेरक बाहेर पडू लागले.

येथे 'डी' या अक्षराचा अर्थ सांगावयास हवा. डावा व उजवा हात परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असतात, तशी बहुतेक ॲमिनो अम्लांचीही दोन रूपे असतात. आपल्या शरीरातील प्रथिने 'एल' रूपाचीच बनलेली असतात, आणि पेप्टाइडांचे तुकडे करणारी विकरे याच रूपाला सरावलेली असतात. 'डी' रूप मध्ये बसविले की विकराची कात्री तेथे अडखळते व पेप्टाइड अधिक काळ टिकते. शिवाय साखळीचा बाकही बदलतो.

हे पहिले पेप्टाइड काचपात्रातील पेशींवर परिणाम करी, परंतु जिवंत प्राण्यात ते निष्प्रभ ठरे. तेव्हा फ्रँक मोमनी यांनी रेणूंच्या आकारांची गणिते करून कोणती रचना अधिक कार्यक्षम ठरेल याचा अंदाज बांधला. त्यातून १९८४ साली सहा ॲमिनो अम्लांचे 'जीएचआरपी-६' जन्मास आले. हिस्टिडीन, डी-ट्रिप्टोफॅन, ॲलानिन, ट्रिप्टोफॅन, डी-फिनिलॲलानिन, लायसिन अशी त्याची साखळी आहे. ते प्राण्यातही परिणामकारक ठरले. पुढे जीएचआरपी-२, हेक्सारेलिन आणि १९९८ साली पाच ॲमिनो अम्लांचे इपामोरेलिन अशी भावंडे आली. आधीची काही पेप्टाइडे कॉर्टिसोल व प्रोलॅक्टिन यांचाही स्राव थोडाफार वाढवीत. इपामोरेलिन या बाबतीत बरेच निवडक ठरले.

अशी साखळी बनविणे सुलभ झाले ते ब्रूस मेरिफील्ड यांच्या १९६३ सालच्या पद्धतीमुळे. पहिले ॲमिनो अम्ल रेझिनच्या सूक्ष्म मण्याला बांधावयाचे, त्यावर एकेक कडी जोडत जावयाचे, दर वेळी उरलेले रसायन धुऊन टाकावयाचे आणि शेवटी साखळी मण्यापासून सोडवावयाची, असा हा क्रम आहे. या कल्पनेस १९८४ साली नोबेल पारितोषिक लाभले.

प्रयोग कसा करतात?

उंदराच्या पियुषिका ग्रंथीतील पेशी विकरांनी सुट्या करून पोषक द्रवात काही दिवस वाढवितात. मग काही पात्रांत पेप्टाइडाची निरनिराळी अत्यल्प मात्रा आणि काहींत नुसता द्रावक घालतात. ठराविक वेळाने वरचा द्रव काढून त्यात संप्रेरक किती उतरले ते मोजतात. नुसत्या द्रावकाच्या पात्राशी तुलना केल्यावाचून निष्कर्ष काढावयाचा नाही, हा नियम अटळ आहे. अशाच प्रयोगांतून तीन गोष्टी उलगडल्या. नैसर्गिक मोचक संप्रेरक पेशीत चक्रीय एएमपी हा दूत वाढविते, तर ही कृत्रिम पेप्टाइडे कॅल्शियमच्या मार्गाने काम करतात. दोन्ही एकदम दिली तर जिवंत शरीरातील परिणाम दोहोंच्या बेरजेहूनही अधिक होतो. आणि पेप्टाइड सतत देत राहिले तर पेशींचा प्रतिसाद मंदावतो.

मार्ग वेगळा, त्याअर्थी दारही वेगळे असणार. पेशीवरील ज्या प्रथिनाला असा रेणू येऊन चिकटतो त्यास ग्राही म्हणतात. किल्ली हाती होती, परंतु कुलूप कोठे आहे ते कोणास ठाऊक नव्हते. मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तोंडावाटे घेता येईल असा, पेप्टाइड नसलेला एमके-६७७ हा रेणू तयार केला आणि १९९६ साली या कुलपाचे जनुकही शोधून काढले. परंतु आता नवाच प्रश्न उभा राहिला. माणसाने बनविलेल्या किल्लीसाठी निसर्गाने कुलूप कशाला घडवून ठेवावे? याची खरी किल्ली शरीरात असलीच पाहिजे. ज्याचा नैसर्गिक जोडीदार अज्ञात आहे अशा ग्राहीला शास्त्रज्ञ 'अनाथ' म्हणतात.

या अनाथाचा जोडीदार १९९९ साली जपानच्या मासायासू कोजिमा व केन्जी कांगावा यांना सापडला, आणि तोही मेंदूत नव्हे, तर उंदराच्या जठरात! अठ्ठावीस ॲमिनो अम्लांच्या या पेप्टाइडास त्यांनी 'ग्रेलिन' हे नाव दिले. वाढणे या अर्थाच्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूवरून ते घेतलेले आहे. त्याच्या तिसऱ्या स्थानावरील सेरीनला आठ कार्बनांचे एक मेदाम्ल चिकटलेले असते. ते नसेल तर किल्ली फिरत नाही. ग्रेलिन उपाशीपोटी वाढते, जेवणानंतर उतरते आणि भूक चेतविते. वाढीचे शास्त्र शोधता शोधता भुकेचे शास्त्र हाती आले, ते असे.

उपयोग आणि दुरुपयोग

या संशोधनाची फळे वैद्यकास मिळाली, परंतु ती मर्यादित आहेत. जीएचआरपी-२ हे जपानमध्ये आणि मॅसिमोरेलिन हे २०१७ पासून अमेरिकेत वृद्धी-संप्रेरकाची उणीव आहे काय, हे तपासण्यासाठी मान्य झाले. २०२१ साली जपानने कर्करोगाने खंगलेल्या रुग्णांसाठी ॲनामोरेलिनला मान्यता दिली. उलट, निरोगी माणसाला ही द्रव्ये देऊन तारुण्य परतविण्याची आशा फलद्रूप झाली नाही. साठ वर्षांवरील ६५ निरोगी व्यक्तींवर एमके-६७७ चा दोन वर्षांचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. संप्रेरक तरुणांइतके वाढले, अंगातील मेदविरहित भारही वाढला. परंतु बळ वाढले नाही आणि रक्तातील साखर मात्र चढली. नितंबाचे हाड मोडलेल्या रुग्णांवरील दुसरा प्रयोग हृदयविकाराच्या शंकेने मध्येच थांबवावा लागला.

असे असताना बाजारातील कुप्या कोणी स्वतःला टोचून घ्याव्या काय? त्यांवरील 'केवळ संशोधनासाठी' हे शब्द म्हणजे विक्रेत्याने आपली जबाबदारी झटकण्याची सोय आहे. अठ्ठ्याण्णव टक्के शुद्ध असे लिहिलेले असले तरी तो आकडा क्रोमॅटोग्राफीचा असतो. ते द्रव्य निर्जंतुक आहे काय, त्यात जिवाणूंची विषे उरली आहेत काय, याविषयी तो काहीच सांगत नाही. काचपात्रातील पेशींसाठी एवढे पुरते. माणसाच्या रक्तासाठी पुरत नाही. खेळाडूंसाठी तर ही द्रव्ये जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेने सदासर्वकाळ निषिद्ध ठरविली आहेत. आणि ज्यांच्या हाडांच्या पट्ट्या मिटल्या आहेत, त्यांची उंची यांपैकी कशानेही बोटभरसुद्धा वाढणार नाही.

उंचीची खरी चिंता असेल तर तिचा मार्ग निराळा आहे. बुटकेपणाचे कारण नेहमीच पियुषिकेत नसते. आईवडिलांची उंची, उशिरा येणारी वयसंधी, अवटु ग्रंथीची मंदता, जुनाट आजार अशी अनेक कारणे असू शकतात. कुपोषित बालकाच्या रक्तात तर वृद्धी-संप्रेरक बहुधा वाढलेलेच असते. उपाशी यकृत त्याला प्रतिसाद देत नाही, एवढेच. अशा मुलाला कुपी नको, अन्न हवे. दर सहा महिन्यांनी उंची व वजन मोजून त्याची नोंद ठेवावी आणि वाढीचा वेग मंदावल्याचे दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना ती नोंद वेळेवर दाखवावी; कारण खरी उणीव असेल तर उपचार हाडांच्या पट्ट्या मिटण्यापूर्वीच करावे लागतात. ज्या विद्यार्थ्यांना या पेप्टाइडांचे आकर्षण वाटते त्यांनी ते अवश्य जोपासावे. सहा कड्यांच्या एका साखळीचे कोडे उलगडण्यास पंधरा वर्षे आणि निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळा लागल्या, आणि अशी अनाथ कुलुपे शरीरात अजून पुष्कळ आहेत.